क्विंटलच्या बातम्या, किलोच्या बातम्या

लासलगावला कांद्याचा भाव पडला की त्या एका बातमीच्या दुपारपर्यंत दोन बातम्या होतात. पहिलीत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग दिसते, लिलाव पुकारणाऱ्याचा आवाज मागे चालू असतो, डोक्याला उपरणं गुंडाळलेला शेतकरी ओंजळभर कांदा कॅमेऱ्यासमोर धरून ‘यात गाडीभाडंसुद्धा सुटत नाही’ म्हणतो आणि खाली पट्टी येते: बळीराजा हवालदिल. दुसरीत ठाण्याची नाहीतर दादरची मंडई असते. कापडी पिशवी घेतलेल्या बाईंपुढे वाहिनीचा माइक, म्हणजे बूम, धरलेला असतो, बाई हसून ‘आता जरा बरं वाटतंय’ म्हणतात, आणि पट्टी असते: गृहिणींना दिलासा. दिवस तोच, कांदा तोच, पुष्कळदा वाहिनीही तीच. फक्त पहिलीत भाव क्विंटलचा सांगतात आणि दुसरीत किलोचा. बातमी कुणाच्या घरासाठी निघाली आहे हे ओळखायला मला तरी एवढी खूण पुरते.

मी ठाण्यात राहतो आणि आजोळ निफाड तालुक्यात, त्यामुळे दोन्ही बातम्या माझ्या घरच्याच. दिलासा आमच्या स्वयंपाकघराला मिळतो आणि हवालदिल मामा होतो. मामाचं निरीक्षण असं, की भाव वाढला की त्याचा कांदा पहिल्या बातमीत असतो आणि पडला की शेतीच्या कार्यक्रमात. "वाढल्यावर तुम्ही सगळे बघून राह्यले ना आमच्याकडं," तो फोनवर म्हणतो. "पडल्यावर आमचे आम्हीच बघतो." यावर माझ्याकडे उत्तर नसतं. मी विषय बदलून मामीच्या गुडघ्यांची चौकशी करतो.

2023च्या डिसेंबरात केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. नवा लाल कांदा नुकता बाजारात येऊ लागला होता. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, मुंबई-आग्रा महामार्गावर शेतकरी उतरले. त्या संध्याकाळी मी रिमोट घेऊन बसलो, तेव्हा एकाच कांद्याने किती वेश घेतले ते पाहायला मिळालं. मराठी वाहिनीवर तो रस्त्यावर ओतलेला होता आणि वार्ताहर त्या ढिगात उभा राहून बोलत होता. हिंदी वाहिनीवर तो थाळीत होता, बाजूला पोळी आणि डाळ, कारण तिथे काळजी आम आदमीच्या ताटाची होती. इंग्रजी अर्थवाहिनीवर तर कांदा दिसलाच नाही. तिथे तो महागाईच्या आलेखातली एक रेघ होता आणि निळा कोट घातलेले गृहस्थ त्या रेघेबद्दल अत्यंत शांतपणे बोलत होते. टोमॅटो, कांदा आणि बटाटा या तिघांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा तिथे ‘टॉप’ होतो, आणि एकदा टॉप झाला की त्याला माती लागत नाही. पुढे 4 मे 2024 रोजी बंदी उठली. नाशिक आणि दिंडोरीचं लोकसभेचं मतदान 20 मे रोजी होतं. मग त्याच कांद्याला रात्रीच्या चर्चेत, सहा चौकटींच्या पडद्यावर, दोन्ही बाजूंचे प्रवक्ते एकमेकांवर फेकू लागले. या चौथ्या कांद्याचा भाव क्विंटलमध्येही नव्हता आणि किलोतही. मतांत होता.

पूर्वी असं नव्हतं, असं आमच्या वयाची माणसं लगेच म्हणतात. मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं आणि पुढची कितीतरी वर्षं संध्याकाळचं मराठी बातमीपत्र सगळ्यांना मिळून एकच होतं. भक्ती बर्वे, स्मिता पाटील, अनंत भावे, प्रदीप भिडे अशी माणसं ते वाचायची. पूर असो, अर्थसंकल्प असो की क्रिकेटचा निकाल, आवाजाची पट्टी फारशी हलायची नाही. माझी आई भिडे यांच्या आवाजावर घड्याळच नव्हे तर मन:स्थितीही लावून घ्यायची. ते शांत आहेत म्हणजे जग अजून जागेवर आहे, असा तिचा हिशेब. स्मिता पाटील जीन्सवरच साडी गुंडाळून बातम्या वाचायला बसायची, ही आठवण तर अनेकांनी सांगितली आहे. कॅमेरा कमरेच्या खाली उतरत नसे, त्यामुळे टेबलाच्या वरचा भाग प्रेक्षकांचा आणि खालचा तिचा स्वतःचा. मला ही आठवण फार आवडते. त्या एका टेबलाने बातमीपत्राचा सगळा शिष्टाचार सांभाळला होता.

पण ते बातमीपत्र सगळ्यांसाठी होतं, हे मात्र मी आता मान्य करत नाही. त्यालाही एक प्रेक्षक डोळ्यांसमोर होता. तो पुणे-मुंबईकडचा, शिकलेला, जेवणाआधी हातपाय धुणारा, प्रमाण मराठीत विचार करणारा गृहस्थ होता. मामाच्या घरी पहिला टीव्ही आला तेव्हा ओटीवर अर्धी गल्ली बसायची, पण बातम्यांच्या वेळी बायका आत जाऊन भाकऱ्या टाकून घ्यायच्या आणि म्हातारी माणसं तंबाखू मळायची. त्यांचा कार्यक्रम वेगळा होता, ‘आमची माती, आमची माणसं’. त्यात कृषी विद्यापीठातले तज्ज्ञ यायचे, मुलाखत घेणारा जरा सैल बोलायचा, आणि तंबाखू मळणारे हात थांबायचे. म्हणजे किलो आणि क्विंटल तेव्हाही वेगळेच होते. एका पडद्यावर, पाळी लावून येत होते इतकंच. ज्या शैलीला आपण बिनरंगी म्हणतो ती ज्याच्या अंगाला नेमकी बसते त्याला बिनरंगी वाटते, बाकीच्यांना ती साहेबी वाटत असणार.

2007 मध्ये झी 24 तास आणि स्टार माझा आले, पुढच्या वर्षी आयबीएन लोकमत, आणि मग रांगच लागली. स्टार माझाचा 2012 मध्ये एबीपी माझा झाला. चोवीस तास भरायचे म्हटल्यावर दिवसाची वाटणी करणं आलंच. पहाटे राशिभविष्य आणि एखाद्या देवळातली काकड आरती, कारण त्या वेळी जागे असतात ते ज्येष्ठ नागरिक. सकाळी डबे भरायच्या वेळी सुपरफास्ट बातम्या. शंभर बातम्या एका दमात, प्रत्येकीला दोन वाक्यं, मागे घोड्यावर बसल्यासारखं संगीत. हा प्रकार घाईत असलेल्या माणसांसाठी काढला असावा, पण आमच्या घरी घाईतलं कुणीही तो बघत नाही. तो बाबा बघतात, ज्यांना निवृत्त होऊन बराच काळ झाला आहे आणि ज्यांना कुठेही जायचं नसतं. बातमी क्रमांक बेचाळीस हुकली तर ते हळहळतात. दुपारी मालिकांच्या सेटवरची खबरबात. संध्याकाळी चर्चा. रात्री उशिरा गुन्हे, आणि गुन्ह्यांच्या वेळी निवेदकाचा आवाज इतका खाली उतरतो की जणू तो आपल्या पलंगाखालून बोलतो आहे.

चर्चेच्या वेळेचं एक गुपित मला न्यू जर्सीतल्या मावसभावाने सांगितलं. इथली संध्याकाळची चर्चा त्याच्याकडे सकाळी चहाबरोबर येते, यूट्यूबवर. इथे दिवसभर दमून आलेल्या माणसाला चिडायला काहीतरी हवं म्हणून जो आरडाओरडा रचला आहे, तो भाऊ नुकती आंघोळ करून, प्रसन्न मनाने ऐकतो. त्याला सगळेच जण विनोदी वाटतात. बातमी योग्य वेळी खाल्ली नाही तर तिचा गुण बदलतो, हे आयुर्वेदात सांगून ठेवलेलं नसलं तरी खरं आहे.

पट्ट्यांचंही तसंच. पडद्याचा खालचा निम्मा भाग लाल-पिवळ्या अक्षरांनी भरलेला बघून सुशिक्षित मंडळी नाक मुरडतात. त्यांनी एकदा आमच्या सलूनमध्ये येऊन बसावं. तिथे टीव्ही दिवसभर चालू असतो, आवाज बंद, कारण आवाज मोबाईलवरच्या गाण्याचा असतो. तिथे, उपाहारगृहात, बस स्थानकावरच्या कॅन्टीनमध्ये बातमी वाचायचीच असते, आणि तीही मान वाकडी करून, वस्तरा कानापाशी असताना. तिथे ‘राज्यात सत्तासंघर्ष शिगेला’ हे चार इंची अक्षरांतच हवं. ड्रॉइंगरूममध्ये तीच अक्षरं अंगावर येतात, हा सलूनवाल्याचा दोष नाही.

मग ही वाटणी करतं कोण? वाहिन्यांच्या कचेऱ्यांत एक शब्द सतत कानावर पडतो, टीआरपी, म्हणजे कोणता कार्यक्रम किती बघितला जातो त्याचे आकडे. हे आकडे देणारी बार्क ही संस्था देशातल्या पन्नासेक हजार घरांत मीटर बसवते आणि त्या घरांवरून बाकीच्या सगळ्यांची आवड ठरते. त्या घरांची प्रतवारी वर्षानुवर्षं दोन गोष्टींवर होत आली: घरातल्या मुख्य कमावत्या माणसाचं शिक्षण आणि घरात ठरावीक अकरा वस्तूंपैकी किती आहेत. वीजजोडणी, पंखा, गॅसची शेगडी, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, धुलाईयंत्र, संगणक, मोटार, एसी, आणि अकरावी शेतजमीन. त्यावरून ए-एक पासून ई-तीन पर्यंत बारा पायऱ्या. मी हे घरी सांगितलं तेव्हा आमच्याकडे लगेच मोजणी सुरू झाली. बायकोने संगणक मोजला, बाबांनी तो तीन वर्षं बंद असल्याचं निदर्शनास आणून दिलं. मामाला फोनवर विचारलं तर त्याच्याकडे शेतजमीन धरून आमच्याएवढ्याच वस्तू भरल्या. कांद्याचे पैसे आले त्या वर्षी त्याने एसीसुद्धा घेतला आहे, लावतो क्वचित. शिक्षणाच्या रकान्यात मात्र तो माझ्यापुढे हरला. म्हणजे जाहिरातदाराच्या तक्त्यात मामा आणि मी शेजारी शेजारी बसतो, आणि वर महाराष्ट्र आणि गोवा मिळून ही एकच बाजारपेठ धरतात. मडगावचा पाववाला, गडचिरोलीचा शिक्षक आणि आम्ही, सगळे एका पोत्यात. निवेदिकेने रात्री आठ वाजता नेमकं कुणाच्या डोळ्यांत बघायचं, हा प्रश्न तिला पडत नसेल का?

तिने डोळ्यांपुढे कुणाला धरलं आहे ते पावसाळ्यात कळतं. मुंबईत जूनमधला पहिला मोठा पाऊस झाला की हिंदमाताला गुडघाभर पाण्यात वार्ताहर उभा असतो, मिलन सबवेची दृश्यं दिवसभर फिरतात, लोकल किती मिनिटं उशिरा धावताहेत ते मध्य, पश्चिम, हार्बर असं वेगवेगळं सांगतात. बघणारा चाकरमानी आहे, त्याला घरी जायचं आहे, आणि हे सगळं त्याच्या उपयोगाचं आहे, मला तक्रार नाही. पण त्याच बातमीपत्रात शेवटी ‘मराठवाड्याला मात्र अजून पावसाची प्रतीक्षा’ हे एक वाक्य येतं आणि भेगा पडलेल्या जमिनीचं चित्र लागतं. ते चित्र गेल्या वर्षीचंच असतं असा मला दाट संशय आहे. पावसात अडकलेल्याला मिनिटांची माहिती आणि पावसाची वाट बघणाऱ्याला कविता. पेरणी करावी की थांबावं, किती मिलिमीटर झाल्यावर करावी, हे ज्याला हवं तो मग मोबाईलवर दुसरीकडे कुठेतरी शोधतो.

वारीत मात्र या वाहिन्या जमवून आणतात, हे प्रामाणिकपणे लिहायला हवं. एरवी कोट-टायमध्ये आवाज चढवणारा वार्ताहर आषाढात कपाळाला गंध आणि बुक्का लावून, गळ्यात तुळशीची माळ घालून चालत असतो. चांदोबाचा लिंब इथे माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण होतं, त्या वेळी त्याचा श्वास खरोखर लागलेला असतो. वार्ताहर मुली बूम शेजारच्या बाईकडे देऊन फुगडी घालतात. इथे वेश आणि माणूस यांत फट दिसत नाही, कदाचित बघणारा कोण हे अगदी पक्कं असल्यामुळे. बघते ती माझ्या मामीसारखी बाई, जी आयुष्यभर वारीला जाईन म्हणाली आणि गुडघ्यांमुळे राहून गेली. घोडा धावला की ती पडद्याला हात जोडते. त्याच क्षणी खालून सेन्सेक्स जात असतो, त्यालाही तो नमस्कार पोचतो.

तालुक्याच्या गावी स्थानिक केबलवर एक बातमीपत्र लागतं, त्याची शैली या सगळ्यांहून निराळी. निवेदक बहुधा शाळामास्तर असतो किंवा फोटो स्टुडिओवाला. मागे निळा पडदा, त्यावर गावातल्या देवळाचं चित्र. उद्या कुठल्या भागात नळाला पाणी नाही, वीज किती ते किती जाणार, सोसायटीच्या निवडणुकीत कुणाचं पॅनेल आलं, दशक्रिया विधी कुठल्या घाटावर. वाढदिवसाच्या शुभेच्छा इतक्या लांबतात की मुख्य बातमी त्यांच्यामधून वाट काढत येते. निवेदकाला प्रेक्षक कोण याची कल्पना करावी लागत नाही, ते त्याला सकाळी दुधाच्या डेअरीवर भेटणार असतात. त्यामुळे तो कुणावर ओरडत नाही. नगराध्यक्षांविरुद्धही फारसं बोलत नाही, हा त्याच गोष्टीचा दुसरा अर्थ. गोव्यातल्या स्थानिक वाहिन्यांचं कौतुक वाटतं ते वेगळ्या कारणाने. तिथे एकाच वाहिनीवर कोकणी, मराठी आणि इंग्रजी अशी तीन बातमीपत्रं असतात, आणि पणजीत एखाद्या सासूबाईंचं, सूनबाईंचं आणि नातवाचं बातमीपत्र तीन वेगळ्या वेळी लागत असलं तरी खाणबंदीवरचा वाद जेवताना एकच होतो.

कमी माणसांसाठी केलेल्या बातम्याही असतात आणि त्या मला नेहमी जास्त नीटनेटक्या वाटत आल्या आहेत. आकाशवाणीवर 1974 पासून संस्कृत बातम्या आहेत. ‘प्रवाचकः बलदेवानन्दसागरः’ हे शब्द ज्या पिढीच्या कानात आहेत तिच्यातल्या किती जणांना पुढचं कळत होतं कोण जाणे, पण दात घासताना ते ऐकू आले नाहीत तर चुकल्यासारखं व्हायचं. दूरदर्शनवर कर्णबधिरांसाठी 1987 पासून बातम्या सुरू झाल्या. लहानपणी आम्ही त्या हातांची नक्कल करायचो, मोठं झाल्यावर त्या चेहऱ्यांकडे नीट बघितलं. खुणांच्या भाषेत भुवया आणि ओठसुद्धा व्याकरणाचं काम करतात, त्यामुळे तिथे चेहऱ्यावर उगाच काही आणता येत नाही. बातमी दुःखाची असेल तर चेहरा तेवढाच दुःखी होतो. बोलणाऱ्या निवेदकांना ही शिस्त लावता आली असती तर आमच्या घरातला रिमोट अजून टिकला असता.

मराठीत एक प्रेक्षक मात्र राहूनच गेला आहे, तो म्हणजे लहान मूल. ब्रिटनमध्ये बीबीसीने 1972च्या एप्रिलमध्ये मुलांसाठी ‘न्यूजराउंड’ सुरू केलं, म्हणजे आपलं मुंबई केंद्र सुरू व्हायच्याही आधी. 1986 मध्ये चॅलेंजर यान कोसळल्याची बातमी तिकडच्या टीव्हीवर पहिल्यांदा दिली ती याच मुलांच्या कार्यक्रमाने, कारण तेव्हा त्याची वेळ होती. नेदरलँड्समध्ये 1981 पासून मुलांचं रोजचं बातमीपत्र आहे. जर्मनीतही आहे. युद्ध म्हणजे काय, निवडणूक कशी होते, भूकंप का होतो, हे तिथे न घाबरवता आणि न बोबडं बोलता सांगतात. आपल्याकडे मुलं बातम्या ऐकतात ती मोठ्यांच्या जेवणाच्या ताटामागून, आणि मग प्रश्न आपल्याला विचारतात.

माझी पुतणी पाचवीत असताना तिने राष्ट्रवादीची बातमी ऐकून विचारलं, की घड्याळ नेमकं कुणाचं. 2024च्या फेब्रुवारीतली गोष्ट. बाबांनी पक्षांतरबंदी कायद्यापासून सुरुवात केली. माझ्या भावाने ‘ते सगळे सारखेच गं’ असं म्हणून विषय मिटवायचा प्रयत्न केला. वहिनीने सांगितलं, एका पक्षाचे दोन झाले, निवडणूक आयोगाने ठरवलं की नाव आणि घड्याळ काकांकडून पुतण्याकडे जाणार.

"मग काकांना काय दिलं?"

"तुतारी वाजवणारा माणूस."

"माणूसपण दिला?"

यावर कुणाला काही बोलता येईना. ती उठली, सोफ्याच्या उशीचं टेबल केलं, टीव्हीचा आवाज बंद केला आणि चार वर्षांच्या भावाला समोर मांडी घालून बसवलं. ओढणी साडीसारखी खांद्यावर घेतली. खाली शाळेची हाफपँटच होती.

"नमस्कार. घड्याळ एकच होतं, ते पुतण्याला मिळालं. काकांना तुतारी मिळाली आणि ती वाजवायला एक माणूसपण मिळाला. कुणीही रडू नये. आता हवामान. उद्या शाळेला सुट्टी पडेल इतका पाऊस येणार आहे."

"फेब्रुवारीत?" बाबा म्हणाले.

"आजोबा, मध्ये बोलू नका," ती म्हणाली. "तुमच्या बातम्या आठ वाजता आहेत."